फरार संशयितांचा शोध सुरू असताना लोकांनी तर्क लढवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन खुनांच्या प्रकरणातले दोघे संशयित फरार आहेत, पोलीस रोज 'शोध सुरू आहे' यापलीकडे काही सांगत नाहीत, आणि तुम्ही व तुमचे परिचित मिळून बातम्या, छायाचित्रे आणि कानावर आलेल्या खबरी एकत्र करून ते कुठे असतील याचा नकाशा तयार करत आहात. त्यांना कोणी आसरा दिला असावा याबद्दल तुमचा एका व्यक्तीवर संशयही आहे. हजार डोळे आणि हजार डोकी कामाला लागली तर शोध लवकर संपणार नाही का, आणि त्या व्यक्तीचे नाव जाहीर करावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी पोलीस तपासात काम केले असून त्यातली बरीच वर्षे फरार आरोपींचा माग काढणाऱ्या पथकांत आणि नागरिकांकडून येणाऱ्या खबरींची छाननी करणाऱ्या कक्षात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की तर्क करणे चांगले की वाईट हा इथला खरा प्रश्नच नाही. भीतीच्या वातावरणात माणूस तर्क करणारच, आणि घरात बसून केलेल्या तर्काने कोणाचे काही बिघडत नाही. खरा प्रश्न हा आहे की तुमच्याजवळ जे आहे ते तुम्ही स्वतः पाहिलेले आहे की इतरांच्या बोलण्यातून जुळवलेले आहे, आणि ते पोलिसांपर्यंत पोहोचण्याआधी किती जणांच्या तोंडून फिरून आले आहे. हजार डोळे आम्हाला हवेच असतात. हजार डोकी एकमेकांचे ऐकून एकच गोष्ट बोलू लागली, की मात्र ते डोळेही हळूहळू निकामी होतात.

डोळ्यांचे महत्त्व आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातला तेवढा भाग अगदी बरोबर आहे. बॉस्टनमध्ये एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनवर बॉम्बहल्ला करणाऱ्या आणि नंतर एका पोलीस अधिकाऱ्याचा खून करणाऱ्या दोघा भावांपैकी धाकट्याचा शोध वॉटरटाउन या उपनगरात दिवसभर घरोघर चालला होता आणि लोकांना घरातच थांबायला सांगितले होते. संध्याकाळी ती सूचना मागे घेतल्यावर एक रहिवासी बाहेर आला, आपल्या अंगणातल्या नावेवरचे आच्छादन नेहमीसारखे नाही हे त्याला दिसले, त्याने डोकावून पाहिले आणि पोलिसांना फोन केला. संशयित त्या नावेतच पडलेला होता. त्या रहिवाशाने आत डोकावायला नको होते असे मी म्हणेन, पण त्याची खबर मात्र नमुनेदार होती: स्वतःची जागा, रोज पाहिलेली वस्तू, तिच्यात झालेला बदल आणि लगेच केलेला फोन. तिथे कोणताही सिद्धान्त नव्हता.

याच शोधाच्या काळात समाजमाध्यमांवर हजारो लोक गर्दीच्या छायाचित्रांवर वर्तुळे काढत बसले होते. त्यातून एका विद्यार्थ्याचे नाव पुढे आले, जो हल्ल्याच्या जवळपास महिनाभर आधीपासून बेपत्ता होता आणि ज्याचे कुटुंब त्याला शोधण्यासाठी लोकांकडे मदत मागत होते. त्याच कुटुंबावर एका रात्रीत शिव्याशापांचा आणि फोनचा भडिमार झाला. तो मुलगा हल्ल्याच्या आधीच मरण पावलेला होता. त्याचा मृतदेह २३ एप्रिल रोजी नदीत सापडला. ज्या संकेतस्थळावर ही चर्चा रंगली त्याच्या व्यवस्थापनाने नंतर जाहीर माफी मागितली. चर्चा करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू मदतीचाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण हेतू चांगला असल्याने त्या आईवडिलांच्या यातना कमी झाल्या नाहीत, आणि खरे संशयितही त्या चर्चेमुळे सापडले नाहीत.

आता खबरींच्या कक्षात काय घडते ते सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही. आलेली प्रत्येक खबर नोंदली जाते: किती वाजता आली, सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, कुठे, कधी, किती अंतरावरून. मग तिला प्राधान्य दिले जाते, ती एखाद्या अधिकाऱ्याच्या नावावर चढते, आणि तपासून झाल्यावर ती का बंद केली याचे कारण लिहिल्याशिवाय बंद होत नाही. फालतू वाटणारी खबरही अशीच हाताळावी लागते, कारण खरी खबर आली तेव्हा ती खरी असल्याची पाटी तिच्या गळ्यात नसते. म्हणजे 'मला वाटते ते अमुक गावी गेले असतील' अशा एका फोनमागे दोन माणसांचा अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि तो अर्धा दिवस दुसऱ्या कुठल्यातरी खबरीच्या वाट्याचा असतो.

तरीही वेळ वाया जाणे हे मोठे नुकसान नव्हे. मोठे नुकसान वेगळे आहे. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी, एकमेकांचे न ऐकता, एकाच ठिकाणी एकच गोष्ट पाहिल्याचे सांगितले तर शोध पथकासाठी त्याहून मौल्यवान काही नसते. अशा दोन खबरींवर आम्ही नाकाबंदीची जागा बदलतो. पण एका भागातून लागोपाठ दहा-पंधरा फोन येतात आणि प्रत्येकाला शांतपणे विचारल्यावर कळते की सगळ्यांनी एकच संदेश वाचलेला आहे, तेव्हा त्या सगळ्या फोनची मिळून किंमत एका ऐकीव खबरीएवढीच उरते. त्यात दोन माणसांनी खरोखरच काही पाहिलेले असले, तरी त्यांचे पाहणे त्या संदेशापासून वेगळे काढता येत नाही. जाहीर तर्कवितर्काने माहिती वाढते असे वाटते, प्रत्यक्षात साक्षीचा स्वतंत्रपणा नष्ट होतो, आणि तो एकदा गेला की परत आणता येत नाही.

याचे सर्वात बोलके उदाहरण २००२ च्या ऑक्टोबर महिन्यात वॉशिंग्टनच्या परिसरात घडले. लपून गोळ्या झाडणाऱ्या दोघांनी तीन आठवड्यांत १० जणांना ठार आणि ३ जणांना जखमी केले. सुरुवातीच्या एका घटनेच्या वेळी पांढरा ट्रक दिसल्याचे कोणीतरी सांगितले, ते जाहीर झाले, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक घटनास्थळी लोकांना पांढरा ट्रक किंवा पांढरी व्हॅन दिसू लागली. यात खोटे कोणी बोलत नव्हते. रस्त्यावर पांढऱ्या मालवाहू गाड्या नेहमीच असतात. फरक एवढाच की आता लोकांची नजर त्याच शोधत होती आणि बाकीच्या गाड्यांवरून घसरून जात होती. दूरचित्रवाणीवरचे अनेक जाणकार त्या वेळी गुन्हेगार म्हणजे एकटा, चिडलेला गोरा पुरुष असणार असे सांगत होते. प्रत्यक्षात गाडी गडद निळ्या रंगाची जुनी शेव्हरोले कॅप्रिस होती आणि तीत दोन कृष्णवर्णीय होते, एक ४१ वर्षांचा आणि दुसरा १७ वर्षांचा. त्या शोधाच्या ऐन काळात, ८ ऑक्टोबरला, बाल्टिमोरमध्ये एका पोलिसाने त्या गाडीत झोपलेल्या माणसाला उठवून चौकशी केली होती आणि जाऊ दिले होते. लोकांची आणि पोलिसांची, दोघांचीही नजर एकाच चित्राने बांधली गेली होती, म्हणून हा दोष केवळ नागरिकांचा होता असे मी म्हणणार नाही. शेवटी खरी गाडी आणि तिचा क्रमांक २३ ऑक्टोबरच्या रात्री बातम्यांत आला आणि काही तासांतच महामार्गालगतच्या विश्रांतीस्थळी ती उभी असल्याचे वाहनचालकांनी कळवले. डोळे तेच होते, फक्त या वेळी त्यांना काय पाहायचे ते नेमके सांगितले गेले होते.

स्मृतीचा यातला भाग नीट समजून घ्यायला हवा. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला, तेव्हा 'आदळल्या' अशा जोरकस क्रियापदाने प्रश्न विचारलेल्यांनी, सौम्य क्रियापदाने विचारलेल्यांपेक्षा वेग जास्त सांगितला. एका शब्दाने एवढे होते, तर एखाद्याने चारशे प्रतिक्रिया वाचून मग 'मी त्या रात्री काय पाहिले होते' हे आठवायचा प्रयत्न केला तर काय होत असेल याची कल्पना करा. साक्षीदार प्रामाणिक राहतो, आत्मविश्वासही वाढतो, पण आठवण मात्र त्याची एकट्याची राहत नाही. पुढे न्यायालयात ओळख परेडचा मुद्दा निघतो तेव्हा बचाव पक्षाचा पहिला प्रश्न हाच असतो की साक्षीदाराने आरोपीचे छायाचित्र आधी कुठे पाहिले होते. शोध चालू असताना केलेल्या चर्चेची किंमत अशी खटल्यापर्यंत मोजावी लागते, आणि त्यात कधी कधी खरा गुन्हेगारच सुटण्याचा धोका असतो.

पोलिसांच्या मौनाबद्दल तुम्हाला राग आहे, तो मी समजू शकतो. मौन कधी कधी अनाठायीही असते; लोकांना धोका आहे की नाही, कोणत्या भागात जाऊ नये, कोणती गाडी दिसली तर कळवावे, हे स्पष्ट न सांगणारे पोलीस स्वतःच अफवांना जागा करून देतात, असे माझे ठाम मत आहे. पण काही गोष्टी मुद्दाम राखून ठेवाव्या लागतात. घटनास्थळाचा एखादा तपशील फक्त गुन्हेगाराला आणि तपास अधिकाऱ्याला ठाऊक असला, तर खोटी कबुली, खोडसाळ फोन आणि खरी माहिती यांतला फरक त्या तपशिलावरून करता येतो. मोबाइल कोणत्या टॉवरवर शेवटचा दिसला हे जाहीर केले की फोन बंद होतो. शोध पथके कुठे आहेत हे थेट दाखवले की फरार माणूस आणि पोलीस, दोघांचाही जीव धोक्यात येतो. वॉटरटाउनच्या शोधाच्या वेळी झडती चालू असलेल्या घरांची ठिकाणे दाखवू नका, असे आवाहन बॉस्टन पोलिसांना माध्यमांना करावे लागले होते.

तुम्ही म्हणाल की पोलीस तरी तर्कच करतात. करतात, आणि करावाच लागतो, पण त्याची शिस्त वेगळी असते. विस्तीर्ण भूभागात शोध घ्यायचा असेल तेव्हा भाग पाडले जातात, आणि भूभाग जाणणाऱ्या प्रत्येकाला एकमेकांशी न बोलता, स्वतंत्रपणे, कोणत्या भागात सापडण्याची शक्यता किती टक्के वाटते ते कागदावर लिहायला सांगितले जाते; मग त्यांची सरासरी काढली जाते. मोठ्या आवाजाच्या माणसाचे मत सगळ्यांचे मत होऊ नये, एवढ्यासाठीच ही पद्धत आहे. शिवाय एखादा भाग पालथा घालून काही मिळाले नाही, तर त्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. हे दुसरे वाक्य बाहेरच्या चर्चेत जवळजवळ कधीच ऐकू येत नाही.

२०१९ च्या जुलै महिन्यात कॅनडात तीन खुनांप्रकरणी १८ आणि १९ वर्षांच्या दोन तरुणांचा शोध सुरू झाला, तेव्हा हे स्पष्ट दिसले. २२ जुलैला त्यांनी वापरलेली गाडी जळालेल्या अवस्थेत मॅनिटोबा प्रांतात गिलम या गावाजवळ सापडली. हवाई साधने वापरून ११,००० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश धुंडाळला गेला. २८ जुलैला यॉर्क लँडिंग या वस्तीत दोघे दिसल्याची खबर आली, तिथे विमाने आणि पथके धावली, पण खबरीला पुष्टी मिळाली नाही. ती खबर देणाऱ्यांना मी दोष देणार नाही. स्वतः पाहिले असे वाटले आणि लगेच कळवले, हे त्यांनी योग्यच केले. पण त्याच दिवसांत ते वेश बदलून कुणाच्या तरी गाडीतून केव्हाच निसटले अशी कल्पना पसरली, जिची शक्यता पोलिसांनीही बोलून दाखवली होती, आणि शेजारच्या ऑन्टारिओ प्रांतातूनही ते दिसल्याचे फोन येऊ लागले. गावकऱ्यांतली भीती इतकी वाढली की अफवा पसरवू नका असे पोलिसांना सांगावे लागले. शेवटी नेल्सन नदीच्या काठी काही वस्तू आढळल्या, आणि ७ ऑगस्टला दोघांचे मृतदेह नदीजवळच्या दाट झुडपांत, जळालेल्या गाडीपासून साधारण ८ किलोमीटरवर सापडले. नदीकाठच्या वस्तूंचा सुगावाही तिथल्या पाण्यावर वावरणाऱ्या माणसाच्या नजरेमुळेच लागला होता. खून का केले याविषयी लोकांनी असंख्य सिद्धान्त मांडले होते. सप्टेंबरच्या अखेरीस पोलिसांनी तपासाचा अहवाल दिला, त्यात त्या तरुणांनी मागे ठेवलेल्या चित्रफिती पाहूनही हेतू कळू शकला नाही असे म्हटले होते. हेतूविषयीची चर्चा शोधाच्या काळात सर्वात जास्त रंगते आणि फरार माणूस आज रात्री कुठे आहे हे सांगण्यात तिचा उपयोग सर्वात कमी असतो. ती मृतांच्या आणि संशयितांच्या, दोन्ही घरांत ऐकू जाते एवढेच.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि तिथे मी सरसकट नियम सांगणार नाही. तुम्ही शोधाच्या भागातच राहत असाल, तर शेजाऱ्यांशी बोलणे, एकट्यादुकट्या वृद्धांची चौकशी करणे, कुठला रिकामा गोठा किंवा बंद घर उघडे दिसते का याची आपापसांत विचारपूस करणे हा तर्कवितर्क नव्हे, ती सावधगिरी आहे. तुमच्या अनुमानामागे विशेष ज्ञान असेल, म्हणजे त्या नदीला कुठे उतार आहे, जंगलातली कोणती वाट नकाशावर नाही, संशयित लहानपणी कुठे राहिला होता, असे काही तुम्हाला पक्के ठाऊक असेल, तर ते अनुमान असले तरी जरूर कळवा. फक्त 'हे मी पाहिलेले नाही, या कारणाने मला असे वाटते' असे सुरुवातीलाच सांगा. स्थानिक पोलिसांवर तुमचा विश्वास नसेल, किंवा संशयिताच्या माणसांकडून धोका असेल, तर निनावी क्रमांक, वकील किंवा वरिष्ठ कार्यालय हे मार्ग आहेत. विश्वास नाही म्हणून माहिती जाहीरपणे टाकणे हा मात्र त्यावरचा उपाय नाही, कारण त्याने धोका कमी न होता तुमचे नाव सर्वांना कळते.

आता तुमच्या नकाशाविषयी. त्यात तुम्ही दोन प्रकारच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत: कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेल्या आणि तुम्ही त्यांवरून जोडलेल्या. त्या आधी वेगळ्या करा. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांना स्वतः पोलिसांना फोन करायला सांगा, त्यांचे म्हणणे तुम्ही गोळा करून पाठवू नका, कारण तुमच्या शब्दांत गेलेली त्यांची खबर ऐकीव होते. फोन करण्याआधी त्यांनी बातम्यांतले छायाचित्र पुन्हा पाहू नये आणि आठवते तेवढे एका कागदावर उतरवावे: जागा, वेळ, उजेड किती होता, किती अंतर होते, किती सेकंद दिसले, कोणत्या दिशेने गेले, आणि नेमके कशावरून ओळखले. 'खात्री नाही' हे शब्द सांगायला कोणी संकोचू नये. खात्री नसलेली प्रामाणिक खबर आम्हाला चालते, खात्रीच्या सुरात सांगितलेली अंदाजी खबर पथकाला चुकीच्या दिशेने नेते. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी, म्हणजे तुमच्या रेषा आणि बाण, वाटल्यास एकदाच लेखी पाठवा आणि तो नकाशा सार्वजनिक ठिकाणाहून काढून टाका. त्यावर संशयितासारखा दिसतो म्हणून कोणाचे छायाचित्र लावले असेल तर तेही काढा, आणि ज्यांनी ते पुढे पाठवले आहे त्यांना ते चुकीचे असू शकते असे तितक्याच स्पष्टपणे कळवा. नुसते गुपचूप पुसून टाकल्याने पुढे गेलेल्या प्रती थांबत नाहीत.

आणि ते नाव जाहीर करू नका. समजा तुमचा संशय खरा आहे. मग नाव बाहेर येताच आसरा देणारा सावध होईल, फरार माणसे तिथून निघतील, आणि पोलिसांना दाराशी पोहोचायला मिळालेली एकमेव संधी जाईल. त्या घरात मुले किंवा म्हातारी माणसे असतील तर कोंडीत सापडलेल्या सशस्त्र माणसाच्या हाती ती ओलीस म्हणून लागू शकतात. आसरा देणारा स्वतःच धाकाखाली असणेही अशक्य नाही. समजा संशय खोटा आहे. मग बॉस्टन प्रकरणातल्या त्या कुटुंबावर जी वेळ आली ती तुम्ही दुसऱ्या एका घरावर आणाल. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी जाहीर करण्याने फायदा होईल अशी परिस्थिती मला सापडत नाही. तपास अधिकाऱ्याला मात्र ते नाव द्या, आणि त्यासोबत संशयाचा आधार द्या: जुनी ओळख, अचानक वाढलेली खरेदी, रात्री-अपरात्री जाणारी गाडी, जे काही असेल ते. आधार सांगता येत नसेल, तर तो संशय अजून कळवण्याजोगा झालेला नाही.

एक काम मात्र आज संध्याकाळच्या आत करा. तुमच्या परिचितांपैकी कोणाच्या घराबाहेर, दुकानात किंवा गाडीत कॅमेरा असेल आणि तो संशयितांच्या संभाव्य वाटेवर असेल, तर खुनाच्या दिवसापासूनचे चित्रण जसेच्या तसे जपून ठेवायला सांगा. त्यात काही दिसते की नाही हे तुम्ही ठरवू नका, कापाकापी करू नका, आणि कॅमेऱ्यातले घड्याळ खऱ्या वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहे ते सोबत लिहून ठेवा. बऱ्याच यंत्रांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण काही दिवसांत आपोआप चढते, आणि पोलीस त्या दारापर्यंत पोहोचतात तेव्हा अनेकदा ते गेलेले असते.